चिरलेला अंगठा

काष्टीच्या पुढं आमचा साखर कारखाना. तिथं मी तिसऱ्या मिलचं लॉगबुक लिहायचो. दर तासाला बेअरिंगला हात लावायचा आणि 'ठीक' नाहीतर 'गरम' लिहायचं. तेलवाला अडाणी, तो ओळीपुढं तेलकट अंगठा उठवायचा. 'गरम' लिहिलं की मिल थांबवायची, असा नियम. म्हणून 'गरम' कुणी लिहीतच नसे. सकाळी आठलाच पाळीचे आठही 'ठीक' खरडायचे आणि चहाला जायचं.

एकाहत्तरच्या हंगामात बेअरिंग तापून जाम झालं आणि कानिफनाथ तेलवाला रोलरात गेला. चौकशीत माझं बुक काढलं. मशीन ठीक, माणूस गाफील, असं ठरलं. त्याच्या बायकोला, कडूबाईला, कारखान्याच्या खोलीतून हाकललं. मी गप्प बसलो. थुंका माझ्यावर.

पुढच्या हंगामात मी खरंच दर तासाला हात लावू लागलो. एका सकाळी कोऱ्या पानावर, दोनच्या ओळीपुढं, अंगठा दिसला. ओला. मधोमध कोयत्याची चीर. असा अंगठा कारखान्यात एकाचाच होता, कानिफनाथचा.

त्या दिवशी दोनला बेअरिंग कोमट लागलं. दुसऱ्या दिवशी तिथंच दोन अंगठे, आणि हाताला चटका.

तिसऱ्या दिवशी आठही ओळी त्याच अंगठ्यानं भरलेल्या.

नवा तेलवाला पुंजाराम ते बघून म्हणाला, "तुमी गरम लिवा. मिल थांबल्याबिगर मला हितून हालता येत न्हाई."

दोनला बेअरिंगवर हात ठेववेना. मी 'गरम' लिहिलं आणि बुक घेऊन रंगनाथ फोरमनकडं पळालो.

त्यानं वाचलं. "ठीकच लिहिलंय की."

माझंच अक्षर. ठीक.

खोडलं. त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा 'गरम' लिहिलं.

"ठीक," रंगनाथनं वाचलं. "ऊन लागलं काय तुला?"

मी ओरडलो, मिल थांबवा. त्यानं नियम दाखवला.

मागं मिलचा आवाज बदलला. पुंजारामचा आवाज आलाच नाही.

चौकशीचे साहेब दोन दिवसांनी आले, तोवर मिल बंदच होती. पान बघून म्हणाले, नोंदी चोख आहेत. तीन वाजता, चार वाजता, सगळीकडं ठीक, सगळीकडं अंगठे. दोन वाजताच मेलेल्या पुंजारामचे.

साहेबांनी पान उलटलं. उद्याचं.

आठ वेळा ठीक, माझ्या अक्षरात. प्रत्येक ओळीपुढं दोन अंगठे, एक चिरलेला, एक पुंजारामचा. दोघं डावीकडं सरकून बसलेले, तिसऱ्यापुरती जागा सोडून.

साहेबांनी बोट पुसलं आणि विचारलं, "उद्या तेलाला कोण आहे?"