वजा-चाचणी

नागपूरच्या एका संगणक संशोधन संस्थेत त्या सोमवारी बढत्यांची बैठक होती. चहा आला, अर्ज वाटले गेले, पण या वेळी अर्जांना संदर्भसंख्येचा तक्ता जोडलेला नव्हता. कुणाचा शोधनिबंध किती जणांनी आधाराला घेतला, कुणी किती नामवंतांबरोबर लिहिलं, यावरून माणसाचा ‘प्रभावांक’ काढायची पद्धत तिथे वीस वर्षं चालली होती. ती बसवणारे डॉ. निरंजन पेठे आता संचालक होते, आणि तिच्या जागी नवी ‘वजा-चाचणी’ त्यांनीच मागवली होती.

संस्थेतले सगळे निबंध, त्यांचे कच्चे खर्डे, प्रोग्राममधल्या दुरुस्त्या आणि कामाचा पत्रव्यवहार यंत्राने वाचला होता. कोणता विचार कुणाकडून कुणाकडे गेला, याचं जाळं त्यातून तयार झालं होतं. त्या जाळ्यातून एक माणूस काढायचा आणि पाहायचं, की तो नसता तर काम कुठवर आलं असतं.

अर्जदारांच्या आधी ही चाचणी स्वतःवर करून पाहावी, असं पेठ्यांनी ठरवलं. त्यांच्या नावावर सहा हजारांवर संदर्भ होते. पडद्यावर उत्तर आलं: अकरा दिवस. त्यांचं गाजलेलं काम त्यांच्याविना फक्त अकरा दिवस उशिरा झालं असतं. संस्थेतल्याच आणखी दोन गटांत तेच काम तेव्हा पूर्ण होत आलं होतं. पेठ्यांनी बैठक पुढच्या आठवड्यावर ढकलली.

मग एकट्याने बसून त्यांनी संस्थेतल्या आजी-माजी सगळ्यांची चाचणी लावली. दुपारी यादी आली. सर्वांत वर नाव होतं रेवती मेश्राम. संदर्भ सतरा.

ती त्यांना आठवत होती. नऊ वर्षं कंत्राटावर काम केलेली संशोधक. लोक आपले खर्डे तिच्याकडे नेत, ती त्यातल्या चुका दाखवी, आणि आभाराच्या ओळीत तिचं नाव कधी येई, कधी राहून जाई. नवजात बाळांचा श्वास अडखळण्याआधी इशारा देणारी प्रणाली आता बहुतेक जिल्हा रुग्णालयांत होती. त्या प्रणालीच्या गणितातली मोठी चूक रेवतीने एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात दाखवून दिली होती. रेवती नसती तर प्रणाली सहा वर्षं उशिरा आली असती. प्रभावांक कमी म्हणून तिचं कंत्राट थांबवणाऱ्या कागदावर सही पेठ्यांची होती.

दुसऱ्या दिवशी ते भंडाऱ्याला गेले. रेवती तिथल्या तंत्रनिकेतनात शिकवत होती. तिचा तास संपेपर्यंत ते बाहेर बाकावर थांबले, मग रिकाम्या प्रयोगशाळेत त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवले आणि सगळं सांगितलं. स्वतःचा आकडाही लपवला नाही. ती सावकाश वाचत गेली. सहा वर्षांची ओळ तिने पुन्हा एकदा वाचली आणि मगच पान उलटलं.

“माझी चूक झाली,” पेठे म्हणाले. “परत ये. कायमची जागा आहे. आणि हे सगळं मी लेखी जाहीर करणार आहे.”

तिने होकार दिला नाही, नकारही नाही. संस्था सोडल्यावर दोन वर्षं आपण एकही निबंध उघडू शकलो नाही, असं तिने सांगितलं. आवाज शांत होता. मग तिने विचारलं, की त्या वर्षी आपल्याबरोबर आणखी किती जणांना काढलं.

तीस जणांना, पेठे म्हणाले. त्यांतल्या दोघांची नावं यादीत वरच्या बाजूला होती. बाकी बहुतेकांपुढे यंत्राने शून्य दिवस लिहिलं होतं.

“दर्शना उईके होती त्यांत,” रेवती म्हणाली. “तिला लागून आठच महिने झाले होते. पहिला निबंध अर्धा लिहून झाला होता. मी नऊ वर्षं होते सर, म्हणून माझं काही सापडलं तरी. तिने काही करायच्या आतच तुम्ही तिला काढलंत.”

रेवतीने यादीत दर्शनाचं नाव शोधलं, मग कागद नीट जुळवले आणि त्यांच्या हातात परत दिले.

“तिच्या नावापुढे शून्य आहे, असं यंत्र म्हणतं. तुम्ही काय म्हणता?”