विमानातला जांभरखेडा फाटा

सोमेश्वर वेळेवर घरी पोचला, लेकराचं तोंड पाहिलं आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. आता असं काही झालंच नाही, असं धरून पुढं चला.

सोमेश्वर वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याकडं नोकरीला होता. काम एवढंच, की हळकुंडाचे नमुने पिशवीत घालायचे आणि नांदेडहून विमानानं दिल्लीला नेऊन दाखवायचे. फेऱ्या सारख्याच चालू. प्रत्येक फेरीनंतर इंजिनाची घुरघुर त्याच्या कानात पाहुण्यासारखी मुक्काम करायची. शेवटी त्यानं कानात घालायचे तीन इयरफोन ऑनलाइन मागवले. एक ठेवायचा, दोन परत करायचे. बॅटरीवर आवाज मारणारे नको होते, बॅटरी दिल्लीच्या अलीकडंच मान टाकते. साधे वायरचे, पण कान गच्च बंद करणारे हवे होते.

विमान काही घरी नव्हतं, म्हणून परीक्षा हळद पॉलिश करायच्या ड्रमजवळ घेतली. हा ड्रम फिरायला लागला की शेजारचा माणूस शिव्या देतोय की आशीर्वाद, कळत नाही. सोमेश्वर ड्रमकडं तोंड करून बसला. मागं त्याची बायको पुनम, पोट सांभाळत उभी.

"दळण आनता का?" ती म्हणाली.

पहिल्या जोडीला रबराच्या टोप्या होत्या. त्यातून सगळं दळण ऐकू आलं. दुसरीतून नुसतं 'का' आलं. तिसऱ्या, काळ्या जोडीला फोमच्या टोप्या. त्या चिमटीत दाबून कानात सारायच्या, मग फुगून कान भरून टाकतात. ड्रम डोळ्यांसमोर फिरत होता, पण पार मुका झाला होता. हळदीची पिवळी धूळ आवाज न करता उडत होती.

"लई भारी हायत," तो म्हणाला.

"मला न्हाई पसंत," पुनम म्हणाली. हे त्याला ऐकूच आलं नाही.

एक मात्र ऐकू आलं. टिंग. एसटीची घंटी, एकदाच. त्यानं इयरफोन काढले तर ड्रमची गडगड अंगावर आली. ड्रमचा बोल्ट ढिला असेल, असं म्हणत त्यानं बाकीच्या दोन जोड्या परत पाठवल्या.

पुढच्या फेरीला विमान वर गेलं आणि इंजिन गप्प झालं. पुढच्या रांगेतलं लेकरू तोंड वासून रडत होतं, पण आवाज नाही. कुणाच्या तरी उपम्याचा वास येत होता. मग टिंग. आणि एक घोगरा, सवयीचा आवाज.

"वारंगा फाटा. वारंगावाले उतरा."

लेकरापलीकडचे धोतरवाले आजोबा उठले. वरची पिशवी काढली, मागच्या दाराकडं गेले. टिंग टिंग.

दिल्ली आल्यावर सोमेश्वरनं पाहिलं. आजोबांच्या खुर्चीत कुणी नव्हतं. पट्टा मात्र लावलेला होता, पोटाएवढी जागा ठेवून. हवाई सुंदरी हसत शेजारून गेली.

घरी आल्यावर त्यानं वडिलांना सांगितलं. माणिकराव एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. नांदेड-हिंगोली रस्त्यावर त्यांचा जन्म गेलेला. ते भाकरी कुस्करत होते.

"मागच्या दारानं उतरला का पुढच्या?"

"मागच्या."

"मग बराबर हाय."

"बाबा, विमान हाय ते."

"असू दे ना. रस्ता तर तोच हाय. वारंग्यानंतर बाळापूर, मग आपला जांभरखेडा फाटा." त्यांनी ठेचा जवळ ओढला. "आपल्या फाट्याचं नाव घेतलं की उतरायचं. कंडक्टरला न्हाई म्हनायचं न्हाई. तो इसरत न्हाई."

त्यानंतरच्या फेरीला सोमेश्वरनं काळी जोडी घरीच ठेवली. इंजिन मनसोक्त कोकललं, घंटी वाजली नाही. त्याला बरं वाटलं. शेजारी लॅपटॉपवाली पोरगी होती. त्यानं जरा डोळे मिटून उघडले, तर तिचा पट्टा रिकाम्या खुर्चीला लावलेला. तिच्या चहातून अजून वाफ निघत होती.

म्हणजे बाळापूर गेलं. ऐकू आलं नाही म्हणून थांबा टळत नाही.

आता तो जाणारच नव्हता. पण मालक म्हणाला, एवढा सौदा पक्का करून ये, मग बाळंतपणाला महिनाभर रजा घे. पुनमचे दिवस भरत आले होते.

"लवकर या," ती म्हणाली. "तुमी आल्याबिगर लेकराचं नाव ठिवनार न्हाई मी."

विमानात त्यानं काळी जोडी घातली. निदान कळेल तरी.

टिंग.

"जांभरखेडा फाटा."

कुणी उठलं नाही.

"जांभरखेडा कोन हाय?"

खिडकीबाहेरचा ढग जागच्या जागी थांबला.

पुढच्या रांगांतली डोकी एकेक करून मागं वळली. गाडी खोळंबली की माणसं पाहतात तशी, थोडी वैतागून.

"मला उतरायचं न्हाई," सोमेश्वर म्हणाला.

मग अगदी कानाच्या आतून आलं, "बरं. ऱ्हायलं."

टिंग टिंग.

ढग चालायला लागला.

सौदा झाला. दिल्लीतच फोन आला, पोरगा झाला. सोमेश्वरनं परतीचं विमान सोडून दिलं, रेल्वेनं नांदेड गाठलं, पेढे घेतले आणि एसटीत बसला. बाळापूर गेल्यावर तो दाराशी जाऊन उभा राहिला. पुढं आली ती कळमनुरी.

"फाटा गेला का?"

"कोनता फाटा?" कंडक्टर म्हणाला.

तो उलटा फिरला. बाळापूर आलं. मग ऑटो केला. मग एकाची मोटरसायकल. शेवटी चालत निघाला. ओळखीची विहीर आली, ओळखीची बाभळ आली, आणि लगेच कळमनुरीचा बाजार.

त्यानं घरी फोन लावला.

"बाबा, मला घरी येताच येईना."

माणिकराव म्हणाले, "तवाच उतरायचं व्हतं."

पुनम लेकराला घेऊन कळमनुरीला येते. फोनवर म्हणते, मी स्टँडवर उभी आहे, रसवंतीच्या समोर. सोमेश्वरही रसवंतीच्या समोरच उभा असतो. भोंग्यातली घोषणा त्याला कानानं आणि फोनमधून एकदमच ऐकू येते. लेकराचं रडणं फक्त फोनमधून येतं.

तो रोज काळी जोडी घालून घंटीची वाट पाहतो. काहीच ऐकू येत नाही. आवाज अडवायला खरोखर चांगले आहेत.

काल त्यानं एसटीच्या डेपोत अर्ज दिला.

"विषय: जांभरखेडा फाटा येथे थांबा मिळणेबाबत. महोदय, अर्जदार सदर थांब्यावर त्या वेळी विमानात असल्याकारणाने उतरू शकला नाही. तरी जमिनीवरील अथवा आकाशातील कोणत्याही गाडीस, एकवार, एका प्रवाशापुरता, सदर ठिकाणी थांबा मंजूर व्हावा, ही नम्र विनंती. सोबत: पेढ्यांचा पुडा, न उघडलेला."