चर्चच्या भिंतीवरची पाटी

लाईट काही आता येत नाही, अम्मार. पोरं घेऊन इकडे ओट्यावर ये. पोशेऱ्याच्या नितीन गवंड्याचं सांगतो. ऐकीव नाही, त्यातलं सिमेंट माझ्याच दुकानातलं होतं.

मोखाड्याच्या रस्त्याला टेकडीवर छोटं मेथडिस्ट चर्च आहे. दोन वर्षांमागे त्याची शताब्दी होती. भिंतीत संगमरवरी पाटी बसवायचं काम नितीनला मिळालं. तो त्याच चर्चचा. पाटीवर चर्च बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाचं नाव, खाली देणगीदारांची. नितीनचं म्हणणं एवढंच, की माझ्या पणजीचं, सुकरीचं, नाव घाला. पायाचे दगड नदीवरून बायांनी डोक्यावर आणले होते. एका संध्याकाळी सुकरी दगड घेऊन दारात पोचली, तेव्हा आत प्रार्थना चालू होती. आपल्याकडे डोईवरचं जड ओझं एकट्याला उतरवता येत नाही. दिसेल त्याला हात मागायचा, आणि मागितला की द्यायचाच. तिनं हाका मारल्या. प्रार्थना मोडून कोण उठणार? ती तिथंच कोसळली, दगडासकट. उठली नाही.

कमिटी म्हणाली, पुरावा आण. शंभर वर्षांमागच्या मजूर बाईचा पुरावा हा कुठून आणणार? कपाळ बडवून घ्यायची पाळी.

चडफडत त्यानं पाटी बसवली. सकाळी पाटी खाली, भिंतीला टेकून उभी. ना तडा, ना टवका. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. पाळकसाहेबांना वाटलं, रागापोटी हाच काढून ठेवतो. कमिटीतले म्हणाले, सादिकचं, म्हणजे माझं, सिमेंट भेसळीचं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! रविवारी कार्यक्रम. तोवर पाटी टिकली नाही तर या तालुक्यात तुला कुणी थापी हातात धरू देणार नाही, असं नितीनला तोंडावर सांगितलं.

म्हणून मे महिन्यातल्या त्या शेवटच्या शनिवारी रात्री तो पाटी लावून पायरीवरच बसला. मनात सगळ्यांना शिव्या घालत. बाराच्या सुमारास कुत्री गप्प झाली. वारा नव्हता.

चढावरून कुणी येत होतं.

पावलं जड. धापा. मग पावलं थांबली... अगदी समोर. त्यानं बॅटरी मारली. रस्ता रिकामा.

"पोऱ्या... वझा उतरव ना."

पळावंसं वाटलं. पण हात तर मागितलेला...

त्यानं डोळे मिटले. दोन्ही हात वर केले.

ओझं आलं. खरंखुरं. थंड. मनगटं वाकली. हळूच पायरीशी टेकवलं.

एक लांब श्वास सुटला.

मग काही नाही...

पहाटे पाटी जागच्या जागी होती. पायरीशी दगड नव्हता. होती ती चुंबळ, डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात ती, हिरव्यागार गवताची. मे महिन्यात आपल्या डोंगरात हिरवी काडी तरी दिसते का? नितीननं ती कमिटीपुढे ठेवली. हा घ्या पुरावा, म्हणाला. पाळकसाहेबांनी ती उचलली, पटकन खाली ठेवली, हात रुमालाला पुसला.

"हे गवत आहे, नितीन."

कार्यक्रम थाटात झाला. सुकरीचं नाव आजही नाही. मला अजून संताप येतो.

पाटी मात्र परत पडली नाही. आणि चुंबळ नितीननं माझ्याकडे ठेवलीय, गोण्यांमागच्या त्या खिळ्याला. दोन उन्हाळे गेले तिच्यावरून. जा अम्मार, हात लावून बघ. अजून हिरवी आहे. आणि डोकं टेकतं ना, त्या बाजूनं घामानं ओली लागते.