आईच्या पेजवरचे पिवळे गोल

शाळेला रामराम ठोकून मिरची घरी बसली, तेव्हापासून तिच्या गळ्यात एकच काम पडलं होतं. आईचं पेज सांभाळायचं.

आई शाळेत विज्ञान शिकवायची. मोठ्या बाईंनी सगळ्या शिक्षकांना बजावलं होतं, पालक हल्ली आधी फोनवर तुमचं नाव शोधतात, मग पोरं वर्गात बसवतात. दहावीचा वर्ग कुणाला द्यायचा, तेही पेज बघूनच ठरणार होतं. आणि आईचं नाव टाकलं की सगळ्यात वर एका पालकाची ओळ यायची, "स्वतःची पोरगी नववीत शाळा सोडून बसली. ह्या आमच्यांना काय शिकवणार?" खाली अंगठ्यांची ही रांग.

"घाण तू केलीस, झाडूपण तूच मार," आई म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

मग मिरची रोज संध्याकाळी वर्गाचे फोटो चढवायची. शाळेचा नियम होता, पोरांचे चेहरे दिसता कामा नयेत. त्यासाठी फोनवर एक अ‍ॅप होतं. ते आपणच चेहरे हुडकायचं आणि प्रत्येकावर पिवळा गोल बसवायचं. आईच्या चेहऱ्यावरचा तेवढा मिरची बोटाने काढून टाकायची. गोलांच्या मधून आई हसत फिरायची. कुणाच्या पाठीवर हात, कुणाच्या डोक्यावर.

"इथे पाठी थोपटतेस, घरी नुसतं डोकं खातेस," मिरची म्हणायची.

"थोपटण्यासारखं काही कर, मग बघू."

एका फोटोत मागच्या बाकावरची मुलगी गोलाशिवाय राहिली. मान खाली, दोन घट्ट वेण्या. मान खाली म्हणून सुटली असेल. मिरचीने बोटाने गोल बसवला आणि फोटो टाकून दिला.

सकाळी पेजवर तिचा गोल नव्हता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "कन्या परत शाळेत यायला लागली वाटतं? छान."

"आई, मागच्या बाकावर कोण बसतं?"

"कुणी नाही. तुझा बाक तो," आई तांदूळ निवडत म्हणाली. "मी बसू देत नाही कुणाला."

पुढच्या फोटोत ती मुलगी मधल्या बाकावर होती. वेणीचं टोक दातात. मिरचीलाही ती खोड होती. पण शाळा सोडली त्याच दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या कात्रीने दोन्ही वेण्या उडवल्या होत्या. हिच्या शाबूत होत्या. मिरचीच्या भुवईला कपाटाचा कोपरा लागला होता, ती खूणही जागच्या जागी.

आणि पाठीवर आईचा हात.

मिरचीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने फोटोतून ती मुलगी कापून टाकली. पेजवर ती परत आली. फोटोच उडवला. दुसऱ्या फोटोत ती पहिल्या बाकावर येऊन बसली, हात वर करून.

पालक मात्र खूश. "बाईंनी आधी आपलं घर सावरलं." "बाई, तुमची लेक गुणाची आहे." त्या जुन्या पालकाने आपली ओळ गुपचूप काढून घेतली. दहावीचा वर्ग आईला मिळाला.

"काय जादू केलीस गं?" आई चपला काढता काढता म्हणाली.

"मी नाही केली." मिरचीने फोन तिच्यापुढे धरला. "ही बघ. हिला काढ तिथून. माझ्याच्याने निघत नाही."

आई चष्मा वर करून बघत राहिली. बराच वेळ.

"किती शहाणी दिसतेय," ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती मिरचीशी कधी बोलली नव्हती. "राहू दे ना तिला."

"राहू दे?"

"कुणाचं काय बिघडवतेय बिचारी?"

मिरचीने फोन ओढून घेतला. जेवणाच्या टेबलाशी आई वह्या तपासायला बसली, तेव्हा ती खुर्ची ओढून तिला खेटून बसली.

"इकडे बघ. आपल्या दोघींचा फोटो टाकते. खरी पोरगी कोण, ते कळू दे लोकांना."

"हं," आई म्हणाली. नजर वहीतच.

मिरचीने हात लांब करून फोटो काढला. फोटोत दोघीच होत्या. आई, आणि तिला चिकटून कापल्या केसांची मिरची. आईच्या पलीकडची खुर्ची रिकामी.

अ‍ॅप आपणच सुरू झालं.

पहिला गोल आईच्या चेहऱ्यावर बसला.

दुसरा मिरचीच्या चेहऱ्याशी आला. तिथे जरासा थांबला. मग तसाच पुढे सरकला आणि रिकाम्या खुर्चीच्या वर, हवेत, जाऊन बसला.

मिरची तिसऱ्याची वाट बघत राहिली.

"आई," ती म्हणाली.

आईने वहीतून मान वर केली नाही. डावा हात तेवढा उचलला, मिरची नव्हती त्या बाजूला नेला आणि सवयीने दोनदा थोपटलं.

खुर्ची लोखंडी होती. आवाज पाठीचा आला.