पान आठशे एकाहत्तर

प्राचार्यायनं संजीवनीले आपल्या केबिनमधी बसवून बाहेरून कडी लावली, तवा सव्वादोन वाजले होते. समोर एक कागद. त्याच्यावर टाइप करेल, 'मी खोटे संदर्भ बनवले.' खाली सहीची रेघ.

सही केली का पीएचडी गेली. अन् चारच्या आत जर्नलवाल्यायले उत्तर नाई गेलं, तरी गेली. कुठून बी गेलं तरी भिंतच.

खिडकीले गज. पंखा बंद. पोरगी घामानं भिजून गेली होती.

कडी वाजली. पान्याचा जग घेऊन लायब्ररीतली सत्यभामाबाई आत आली. सातवी पास, सव्वीस वर्स नोकरी, आवाज पत्र्यावर गोटे पडल्यावानी.

"काऊन वं, रडून राह्यली? पानी पी पह्यले. अन् सांग काय झालं ते. मले समजन असं सांग."

"मावशी, आमच्या लेखाच्या शेवटी यादी रायते. कोनाचं काय वाचलं, त्याचं नाव, साल, अंक, पान. माह्या यादीत तीस होते. गेले बत्तीस. शेवटचे दोन मी लिहिलेच नाई!"

"कोनाचे हायेत ते दोन?"

"एकाच माणसाचे. टेकाळे वाय. डी., साल दोन हजार अकरा. सोयाबीनवरच्या चक्रीभुंगा किडीवरचे लेख. जर्नलवाले म्हन्तात, त्या जुन्या मासिकात त्या वर्सी पानंच दोनशे बारा, अन् तुमी एकाचं पान लिहिलं आठशे एकाहत्तर, दुसऱ्याचं त्याच्याही पुढचं. असं पान जगात नाई. म्हून बनावट."

बाईनं जग हळूच खाली ठेवला.

"किती म्हनली?"

"आठशे एकाहत्तर."

"हं. यादी कोनाकोनाच्या हाताखालून गेली?"

"योगिनी म्हस्के मॅडमनं इंग्रजी तपासलं. हरिओम सर माहे गाईड, त्यायनं पाह्यलं. मंग स्टँडवरच्या कॉम्प्युटरवाल्या डिंपलनं जर्नलच्या पद्धतीनं बसवली, नंबर, कॉमे, सगळं."

"अन् तू?"

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. अकोल्याले होती. डिंपलले फोनवरच म्हटलं, पाठवून दे."

"फाईल कोनं पाठवली तिच्याकडं?"

"डिपार्टमेंटच्या मेलवरून गेली. पासवर्ड भिंतीवर चिकटवेल हाय, कोनी बी पाठवते."

"सही करू नको. मी परत येईस्तोवर पेनाले हात लावू नको." बाई गेली. कडी परत लागली.

पह्यला फोन डिंपलले.

"मावशी, मी फक्त कॉमे बसवतो! माह्याजवळ आली तवाच बत्तीस होते."

"ते टेकाळेवाले तपासले होते?"

"शोधले ना नेटवर. ते जुनं मासिक नेटवर नाहीच. कागदावरच असन कुठी."

"कुठी म्हंजे? आमच्या अलमारीत हाय," असं बाई मनात बोलली, फोनवर नाई.

हरिओम सर स्टाफरूममधी डोकं धरून बसले होते. तीन वर्साआधी खामगावहून आलेला माणूस, भला, पण भित्रा.

"सर, हा टेकाळे कोन?"

"मला काय माहीत बाई? खरं सांगू? मी यादी वाचलीच नाही. सही केली फक्त."

"तिच्यासाठी आत जाऊन एवढं तरी सांगा ना मंग."

सर उठले, पन दारापाशीच थांबले.

योगिनी मॅडम वर्गातून येऊन राह्यल्या होत्या. याच कॉलेजात शिकल्या, इथंच लागल्या. सत्यभामाबाईले त्या पह्यलेपासून गोड बोलत.

"बाई, तुमी काऊन यात पडता? करू द्या सही. पोरगी लहान हाय, दुसरीकडं नाव नोंदवन. अन् हो, त्या जुन्या मासिकायच्या बांधेल गठ्ठ्यायची अलमारी रद्दीत काढा आता. वाळवी लागली म्हन्तात."

"कोन म्हन्ते?"

"असंच, ऐकलं."

अलमारीत वाळवी नव्हती. बाईनं उघडून पाह्यली. धुळीनं भरेल गठ्ठ्यायमधी एकाच गठ्ठ्याची पाठ साफ होती.

साडेतीन वाजता केबिनमधी सगळे उभे होते. प्राचार्य, हरिओम सर, योगिनी मॅडम. संजीवनी मधात, खुर्चीत. बाईनं गठ्ठा टेबलावर आपटला. धूळ साहेबाच्या चहात.

"हे काय आहे?" प्राचार्य ओरडले.

"जगात नसलेलं पान हाय साहेब. पाहून घ्या."

पान उघडलं. वरची छापेल कड कापेल. खाली निळ्या शाईत नंबर, आठशे एकाहत्तर.

"आधी पोरं लायब्ररीतले पानं फाडून नेत. तवाच्या साहेबानं मले नंबरचा शिक्का देला. ठोकला का आपोआप पुढी सरके. बांधून आलेल्या हरेक गठ्ठ्यातल्या हरेक पानावर मी नंबर मारो. पान गेलं का लगेच पकडात येये. या गठ्ठ्यात पाच वर्साचे अंक हायेत, म्हून माहा नंबर हजारावर जाते. अन् बाइंडरवाल्यानं कड कापताना मासिकाचा नंबर उडवला. उरला फक्त माहा."

"म्हणजे लेख खरा?" हरिओम सरांनी इचारलं.

"लेख खरा, पान खरं, नंबर माहा. हा नंबर या एका गठ्ठ्यावाचून कुठीच नाई. ज्यानं लिहिला, तो आपल्या लायब्ररीत बसून लिहून गेला."

प्राचार्यायनं मान हलवली. "मग संजीवनीच बसली असेल."

"तिले काय फायदा? फायदा टेकाळेचा. जेवढ्या लोकायनं नाव घेतलं, तेवढा मान वाढते, असं तुमीच मीटिंगमधी सांगत होते. मंग मी टेकाळे शोधला." बाईनं लायब्ररीचं पिवळं कार्ड काढलं. साल दोन हजार दहा. वर फोटो, दोन वेण्या. "वाचा सर."

हरिओम सरांनी वाचलं. "टेकाळे योगिनी दगडूबा. राहणार दुसरबीड."

प्राचार्यायनं कार्डावरच्या फोटोकडं पाह्यलं, मंग योगिनी मॅडमकडं.

"लग्न झालं अन् म्हस्के झाली. बापाचं नाव गेलं, नवऱ्याचं लागलं. तुमी दोघं नंतर आले, तुमाले म्हस्केच माहीत. ही दोन वर्स माह्या समोर बसून वाचे. सवतःचेच लेख होते, पन जवळ कापी नव्हती. गठ्ठ्यातून उतरवले, अन् पान शोधलं तं दिसला माहा शिक्का."

योगिनी मॅडमनं ते कार्ड उलटं करून ठेवलं.

"सात वर्स झाले बढतीची फाईल अडकेल हाय," त्या म्हनाल्या. "दरवेळी एकच, तुमचे लेख कोनी वाचते का? दोनच टाकले हो. कोनाचं नुकसान होईन असं वाटलं नव्हतं."

"अन् आज दुपारपासून? ही पोरगी कोंडून होती ना इथी. तवा तोंड उघडता येत होतं."

प्राचार्यायनं रुमालानं कपाळ पुसलं. "कॉलेजची अब्रू जाईल. टायपिंगची चूक म्हणून कळवू."

"म्हंजे डिंपलच्या डोक्यावर?" संजीवनी पह्यल्यांदा उठून उभी राह्यली. "नाई सर. आता खरं तेच जाईन."

घड्याळात चारले पंधरा कमी. सत्यभामाबाईनं तो टाइप करेल कागद उलटा केला, कोरी बाजू योगिनीसमोर सरकवली.

"लिही. तुह्या हातानं."

योगिनीनं लिहिलं. चार ओळी. सहीच्या जागी हात थांबला. "बाई, कोनत्या नावानं करू?"

"दोन्ही लिही. जर्नलवाल्यायले समजलं पाह्यजे, का बाई एकच हाय."