यंदा खेळायचं की नाही?

"मान मागे. अजून थोडी. हं… आता हलू नकोस."

"हलतोय कुठे? श्वाससुद्धा घेत नाहीये," तो मुलगा मास्क नाकाखाली ओढत म्हणाला. पण मार्नीनं काडी नाकात सारली मात्र, त्यानं खुर्चीचा हात गच्च धरला आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून टचकन पाणी आलं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं? मेंदूला टेकवून आणलीस ना?"

"टेकेल असं काही लागलं नाही वाटेत."

तो इतक्या जोरात हसला, की रांगेतली सगळी पोरं वळून बघायला लागली. मास्कमुळे हसू दिसलं नाही. दिसले ते फक्त डोळे. काळेभोर, ओले, आणि भलतेच आगाऊ.

"नाव न विचारता मला रडवणारी पहिलीच मुलगी आहेस तू."

"नाव तुझ्या शर्टावर आहे, बारेरा. पुढचा या!"

दोन हजार वीसचा ऑगस्ट. आयोवातल्या हॅलोरन गावात, कॉलेजच्या स्टेडियममागं पांढरा तंबू ठोकला होता आणि अमेरिकन फुटबॉलचा अख्खा संघ तिथं दर दोन-तीन दिवसांनी नाक पुढं करून उभा राहायचा. मार्नी डोलेझाल नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्याचं काम म्हणून तिनं ही कोरोना चाचण्यांची जबाबदारी घेतली होती. सकाळी सहाला प्लॅस्टिकचा गाऊन चढवायचा, घामानं निथळायचं आणि तगड्या तगड्या पोरांना रडवायचं. काम वाईट नव्हतं. वाईट होता तो प्रश्न. तंबूत, दुकानात, पेट्रोल पंपावर, जो तो एकच विचारी, यंदा सामने होणार का?

कुणालाच माहीत नव्हतं. सोमवारी होणार असं कळायचं, मंगळवारी नाही, बुधवारी परत बघू. कॉलेजच्या अध्यक्षबाई टीव्हीवर येऊन असं काही बोलायच्या, की ऐकणाऱ्याला आधी कळलेलंही कळेनासं व्हावं. गाव नुसतं पाण्यातून काढलेल्या माशासारखं तडफडत होतं.

आणि सगळ्यांत जास्त तडफडत होते मार्नीचे बाबा.

"काय म्हणतायत? खेळणार ना?" ती घरात पाऊल ठेवते न ठेवते तोच ते विचारत.

"बाबा, मी नाकात काड्या घालते. निर्णय घेत नाही."

"बरं, नाकं कशी आहेत मग?"

ती हसायची, पण आतून तिला रडू यायचं. बाबा मांसाच्या कारखान्यात कामाला. एप्रिलमध्ये तिथं खांद्याला खांदा लावून उभे असलेले निम्मे लोक आजारी पडले, त्यांत बाबाही. इस्पितळातून परत आले ते अर्धे होऊन. अजून जिना चढताना मध्येच थांबायचे आणि भिंतीवरचं चित्र बघत असल्याचं नाटक करायचे. त्या भिंतीवर चित्र नव्हतंच. अशा माणसानं, आजाराला इतक्या जवळून बघितलेल्या माणसानं, सामने व्हावेत म्हणून जीव टाकावा?

"शनिवारी सामना नाही, तर शनिवार हवाय कशाला?" ते म्हणायचे.

एफ्रेन बारेरा पुढच्या चाचणीला आला तेव्हा टेबलावर तिचा नाश्ता उघडा पडला होता. जर्दाळूचा मुरंबा भरलेले गोल मऊ पाव, तिच्या आत्यानं केलेले.

"कोलाचे!" तो ओरडलाच. "इथं मिळतात?"

"इथंच मिळतात. तू कुठला?"

"टेक्सास. आमच्याकडं यात सॉसेज घालतात."

"मग ते कोलाचे नाहीत. तो अपघात आहे."

"अगं, खाऊन तरी बघ–"

"मान मागे."

तरी जाताना तिनं एक कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. का दिला, ते तिचं तिलाच कळलं नाही. दिवसभर मात्र तिला वाटत राहिलं, त्यानं तो कुठं खाल्ला असेल? मास्क काढला असेल तेव्हा कसा दिसला असेल?

तो किकर होता. बाकीचे एकमेकांवर तुटून पडायचे, आणि हा बाजूला एकटा उभा. शेवटी यानं यायचं आणि चेंडू दोन उंच खांबांच्या मधून उडवायचा. "मी जन्मापासून सहा फूट लांबच उभा आहे," तो म्हणायचा. "मला या महामारीत नवीन काही शिकावंच लागलं नाही."

एका संध्याकाळी ती तंबू आवरत होती, तेव्हा तो चेंडू काखोटीला मारून आला.

"माझा चेंडू धरणारा त्याच्या खोलीत कोंडून पडलाय. रूममेट पॉझिटिव्ह आलाय ना… तू धरशील?"

"मला येत नाही."

"एका बोटाचं काम आहे. नाकांपेक्षा सोपं."

मैदानावर कुणी नव्हतं. नुकत्याच झालेल्या वादळानं गावाबाहेरचा मका आडवा झोपवला होता, आणि त्याचा ओला, कुजका-गोडसर वास वाऱ्यावर येत होता. ती गवतात गुडघ्यावर बसली, तो लांबट चेंडू टोकावर उभा केला, वरच्या टोकावर बोट टेकवलं.

"हललीस तर बोट जाईल हं."

"गेलं तर उद्या डाव्या हातानं तुझं नाक बघीन."

तो मागं गेला. गवतावर पावलं वाजली, धप्–धप्–आणि तिच्या बोटाखालचा चेंडू नाहीसा झाला. बोटाला नुसता वारा लागला. तिनं वर पाहिलं. चेंडू खांबांच्या बरोबर मधून, निवांत, जणू त्याला कुठं पोचायची घाईच नाही असा चालला होता.

"डोळे मिटले होतेस," तो म्हणाला.

"नाही."

"मिटले होतेस. पण हलली नाहीस." तो जवळ आला, मग आठवून दोन पावलं मागं सरला. "माझा नेहमीचा माणूस हलतो."

मग रोज संध्याकाळ तशीच गेली. बोलणं थोडं, चेंडू जास्त. आणि घरी गेल्यावर तिला एका जागी बसवेना. पाणी प्यायला उठायची आणि फ्रिज उघडून नुसती उभी राहायची.

मग बातमी आली. अध्यक्षबाई खेळाडूंचं ऐकणार होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा संघ स्टेडियमच्या पायऱ्यांवर, लांब लांब बसणार, ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं, आणि मग निर्णय.

त्या संध्याकाळी एफ्रेननं एकही किक मारली नाही. चेंडू नुसता हातात फिरवत राहिला.

"तू रोज आमचे निकाल बघतेस. तू सांग. खेळावं का?"

"मला काय विचारतोस?"

"तुलाच विचारतोय." आज डोळ्यांत आगाऊपणा नव्हता. "माझं शेवटचं वर्ष आहे, मार्नी. नाही खेळलो तर परवा गाडी भरून टेक्सास. वर्ग काय, कॉम्प्युटरवरच आहेत. इथं राहायला कारण नाही."

कारण नाही… तिला बाबांचा जिना आठवला. काय बोलायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"खेळा."

"खरंच?"

"चाचण्या होतायत, काळजी घेतोय आपण… खेळा."

त्यानं चेंडू काखेत धरला. मग मान हलवून निघून गेला. ती तिथंच गवत उपटत बसली. आपण हे काय बोललो?

सकाळी टायटसचा फोन आला. टायटस म्हणजे आघाडीच्या फळीतला डोंगराएवढा पोरगा, नाकातल्या काडीलासुद्धा "थँक यू, मॅम" म्हणणारा. आदल्या चाचणीत तो पॉझिटिव्ह आला होता, आणि कॉलेजनं त्याला हायवेवरच्या मोटेलात ठेवलं होतं.

"मार्नी… बाथरूमपर्यंत जाऊन आलो… तर धाप लागतेय. असं होतं का गं?"

तो शब्दांच्या मध्ये थांबत होता. बाबा थांबायचे अगदी तस्साच.

तिनं डॉक्टरांना कळवलं. अँब्युलन्स मोटेलला पोचल्याचं कळेपर्यंत फोन कानाला लावून बसली. मग गाऊन तसाच टाकून ती स्टेडियमकडं पळत सुटली. फाटकातून पोरं आत शिरत होती. एफ्रेन शेवटी होता.

"एफ्रेन! थांब!"

तो वळला.

"मी खोटं बोलले काल." तिला धाप लागली होती, मास्क तोंडाला चिकटत होता. "खेळू नका. मला कधीच वाटलं नव्हतं खेळावं. टायटसला इस्पितळात नेलंय."

त्याचे डोळे मोठे झाले. "मग काल का म्हणालीस?"

"कारण… नाही खेळलात तर तू जाणार."

बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते. कान तापले. पळून जावंसं वाटलं. तो नुसता उभा राहिला. आतून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

ती फाटकाशीच थांबली. एकेक जण उठून बोलत होता. खेळू, आम्ही तरुण आहोत, आम्हाला काही होत नाही. टाळ्या पडत होत्या. मग एफ्रेन उठला. किकर काय बोलणार, म्हणून दोघं-तिघं हसलेही.

"मला काही होणार नाही," तो म्हणाला. "मी लांब उभा असतो. पण टायटस समोरच्याच्या तोंडाला तोंड लावून उभा असतो, दर वेळी. तो तिथं उभा राहतो म्हणून मला किक मारता येते. आज तो इस्पितळात आहे. माझंही हे शेवटचं वर्ष आहे. मला खेळायचंय, फार खेळायचंय. पण त्याला पुढं उभं करून नाही."

"भित्रा!" वरून कुणीतरी ओरडलं.

"असेन," तो म्हणाला, आणि खाली बसला.

त्याच्यानंतर आणखी काही जण उठले. सगळे नव्हे. दुसऱ्या दिवशी जाहीर झालं, यंदाचा हंगाम पुढं ढकलला, वसंतात बघू. एफ्रेनच्या बोलण्यामुळं झालं असं नाही; वकिलांनी आणि डॉक्टरांनी बहुधा आधीच ठरवलं होतं. पण दोष देण्यासाठी गावाला एक तोंड लागतंच. त्याच्या पिकअपच्या काचेवर कुणीतरी अंडी फोडली. संघातले निम्मे जण त्याच्याशी बोलेनासे झाले.

आणि मार्नीचे बाबा दोन दिवस कुणाशीच बोलले नाहीत.

तो परवा जाणार होता. परवा उलटून गेला. मार्नीनं फोन केला नाही. काय म्हणून करणार? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणाच्या कडेला पिकअप थांबली. एफ्रेन उतरला, हातमोजे मळलेले, केसांत मक्याचा भुसा.

बाबा ओसरीवर बसले होते. "तूच का तो किकर?"

"हो, मिस्टर डोलेझाल."

"तुझ्यामुळं माझे शनिवार गेले."

"हो, सर."

 बाबांना खोकला आला, बराच वेळ थांबेना. एफ्रेन पुढं धावला आणि अंतर आठवून मध्येच थबकला, हात अर्धवट पुढं केलेला. खोकला ओसरल्यावर बाबांनी डोळे पुसले.

"तो मोठा पोरगा कसा आहे?"

"घरी पाठवलाय कालच. हृदयाला थोडी सूज आहे, पण बरा होईल म्हणतात."

"हं." बाबा हळूहळू उठले. "बस त्या खुर्चीवर. लांबच्या. मी आत जातो. तुमचं बोलणं मला ऐकायचं नाहीये." आणि जिन्याकडं गेले.

मार्नी पायरीवर बसली. तो लांबच्या खुर्चीत. त्याचा उजवा गुडघा एकसारखा उडत होता.

"गेला नाहीस," ती म्हणाली.

"आडवा पडलेला मका काढायला माणसं हवीत. डिसेंबरपर्यंत काम आहे."

"मक्यासाठी राहिलास?"

"मक्यासाठी कोण राहतं, मार्नी?" तो चिडल्यासारखा म्हणाला. "दोन दिवस शेतात वेड्यासारखा फिरतोय. तू फाटकाशी ते बोललीस आणि मी मठ्ठासारखा नुसता उभा राहिलो. स्टेडियमभर बोलता आलं. तुझ्यापुढं… नाही आलं."

"मग आता बोल."

"आवडतेस. भयंकर आवडतेस." गुडघा उडतच होता. "वसंतात सामने होतील की नाही, देव जाणे. त्यानंतर मी कुठं असेन, तेही माहीत नाही. सांगण्यासारखं पक्कं माझ्याकडं एवढंच आहे."

"चाचणी केलीस?"

"सकाळीच, गावातल्या इस्पितळात. निगेटिव्ह. तुझी?"

"निगेटिव्ह."

ती उठली. ओसरी एवढीशी, पण तिला ती ओलांडायला फार वेळ लागला. ती त्याच्या शेजारी बसली, अगदी शेजारी, आणि उडणाऱ्या गुडघ्यावर तिनं तळहात ठेवला.

गुडघा थांबला.

"तुझा हात थरथरतोय," तो हलकेच म्हणाला.

"थरथरू दे," ती म्हणाली. "मी उचलणार नाही."