टेकू

डिंडोलीतल्या घराच्या पुढच्या खोलीत हिलालचं दुकान होतं. तिथं मोबाइल दुरुस्त होत नसत, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ येत. त्याच्याकडे यायचे ते पंचवीसेक वर्षांपूर्वीचे पामटॉप, म्हणजे काचेवर काडीनं लिहायचे, तळहातावर मावणारे संगणक. हौशी लोक ते कुठून कुठून कुरिअरनं पाठवत. दुखणं बहुतेकांचं एकच: सेल पाझरून आतले पत्रे खाल्लेले.

या यंत्रांची खोड अशी की त्यांची आठवण नुसत्या करंटवर टिकते. करंट तुटला की लिहिलेलं सगळं पुसलं. म्हणून जुने सेल काढण्याआधी हिलाल बाहेरून दोन तारा लावून बारीक करंट देई. त्याला तो टेकू म्हणे. टेकू लावल्याशिवाय त्यानं आजवर एकही सेल काढला नव्हता.

त्याच्या बायकोच्या, मंदाच्या छातीत पेसमेकर होता. ती आतल्या खोलीतून चिडवायची, "लोकेसना सेल बदलतस, मना कव्हय बदलशात?" तिचा सेल तपासून घ्यायची तारीख केव्हाच टळून गेली होती. तो हसण्यावारी न्यायचा.

एका सकाळी भेस्तानहून वत्सलाबाई आली. मूळची अकोल्याकडची. तिचा नवरा किसन कापडाच्या मागावर कामाला होता, मागच्या वर्षी गेला. रुमालात गुंडाळलेला पामटॉप तिनं टेबलावर ठेवला. कारखान्याच्या शेटनं वापरून टाकलेला, पण किसननं जिवापाड जपलेला.

"यायचं अक्षर हाय यात," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "आधी रेघ ओढत, मंग तिला अक्षरं टांगत. दोरीवर कपडे टाकल्यावानी. हे लिहिता लिहिताच गेले. एवढं जाऊ देऊ नका, दादा."

करड्या काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांब शिरोरेघ होती. तिच्या डाव्या टोकाला 'वत्सला' एवढंच टांगलेलं. पुढची सगळी रेघ मोकळी. कोपऱ्यात एक ठिपका लुकलुकत होता.

"नाही जाऊ देणार," हिलालनं शब्द दिला.

ती गेल्यावर त्यानं टेकूच्या तारा तयार ठेवल्या आणि सेलचं झाकण सरकवलं. आत सेल नव्हते. नुसती हिरवट पांढरी भुकटी आणि कुजलेल्या स्प्रिंगा. नाण्यासारखा छोटा सेल असतो, त्याचीही जागा रिकामी. त्यानं मीटर लावला. शून्य. काच मात्र चालूच.

कुठंतरी थोडा करंट अडकून राहिला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. जेवून येईपर्यंत बंद पडेल. पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानं स्क्रू काढून पाहिलं, तर आत जाणारी तारच गंजून तुटली होती.

त्याचं चित्त थाऱ्यावर राहिना. दुसरी कामं हातात घ्यायचा, टाकायचा, आणि पुन्हा त्या ठिपक्याकडे बघत बसायचा.

मंदा गच्चीवरून पापड उचलून खाली आली, तेव्हा ठिपका भरभर लुकलुकत होता. ती टेकून बसली तसा तो हळू झाला. हिलालनं चहाचा कप घेण्याच्या निमित्तानं तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

ठोका, ठिपका. ठोका, ठिपका.

"हाई काय करी ऱ्हायनात?" ती लाजून हसली.

या यंत्राला करंट दुसरा कुठून मिळणार? हे मंदाच्या छातीतला सेल पीत होतं.

त्यानं वत्सलाबाईला बोलावून घेतलं. "होत नाही दुरुस्त. घेऊन जा," तो तिच्या नजरेला नजर न देता म्हणाला. तिनं यंत्र रुमालात बांधलं आणि ती रिक्षात बसली.

रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि आत दुधाचं भगुनं पडल्याचा आवाज झाला.

मंदा फरशीवर आडवी होती. ओठ काळेनिळे. "माले... गरगरी ऱ्हायनं."

त्याला एकदम सुचलं, आणि तो अनवाणी धावत सुटला. "ताई, थांबा! मागं फिरा!"

रिक्षा दारात येईपर्यंत मंदा उठून बसली होती आणि सांडलेलं दूध पुसत होती. उलटं समजलो आपण, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

त्याच रिक्षातून तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी मंदाच्या छातीवर तपासणीचं यंत्र धरलं. मग दुसरं आणवून धरलं.

"बेन, आ तो क्यारनुं बंध छे." पेसमेकर केव्हाचाच बंद होता. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, घड्याळाकडे पाहिलं, आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

ऑपरेशनच्या दाराबाहेर, बाकावर, वत्सलाबाई यंत्र मांडीवर घेऊन बसली. हिलालनं तिला सगळं सांगितलं. हे काय आहे ते मला कळत नाही, पण आत्ता मंदाला टेकू याचाच आहे, आणि नवा पेसमेकर चालू झाला की यातलं अक्षर जाईल असं वाटतं, तो म्हणाला.

"आता उठून घरी गेले, तर यायचं अक्षर राहीन," ती म्हणाली.

खरं होतं ते. हिलालनं हात जोडले. त्याला रडू आवरेना.

तिनं रुमालाच्या टोकानं काच पुसली. "जिंदगीभर तुटलेले धागेच जोडले त्या माणसानं," ती म्हणाली. "बसते मी."

ठिपका लुकलुकत होता.

आत ट्रेमध्ये हत्यारं ठेवल्याचा आवाज झाला.

ठिपका थांबला. रेघ गेली. नाव गेलं. काच कोरी झाली.

नर्स दार उघडून म्हणाली, "पेसमेकर चालू झाला." वत्सलाबाईनं ते यंत्र छातीशी धरलं आणि तोंडात पदर कोंबून ती रडली.

सकाळी मंदा शुद्धीवर आली. घसा कोरडा पडला होता, शब्द फुटत नव्हता. वत्सलाबाई पेजेचा डबा घेऊन आली होती. मंदा तिच्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिचं बोट चादरीवर हललं.

मंदाचं अक्षर हिलालला माहीत होतं. चौथीपर्यंतचं, एकेका अक्षराला वेगळी टोपी घालणारं.

तिनं आधी एक लांब रेघ ओढली, चादरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. डबा हातात तसाच धरून वत्सलाबाई खाली वाकली.

डावीकडं एका नावापुरती जागा मोकळी सोडून मंदानं पुढचं अक्षर टांगलं.